चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव हवे. सीमाभागातील रुग्णांचा खर्च तिथेच अडला आहे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि कर्करोगासह काही दुर्धर आजारांवरील औषधे पूर्णपणे करमुक्त झाली, तेव्हा महिन्याचे औषधांचे बिल आता हलके होईल, अशी आशा कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरील आमच्या निपाणी-चिकोडी भागातील अनेक निवृत्तांना वाटली होती. आशा गैर नव्हती, पण हिशेब फार लहान होता. छापील किमतीत कर धरलेलाच असतो. त्यामुळे ११२ रुपयांचे औषध १०५ रुपयांवर आले, म्हणजे प्रत्यक्ष सूट सव्वासहा टक्के झाली. महिन्याला दोन हजार रुपयांची औषधे लागणाऱ्या घरात सव्वाशे रुपये वाचले. तेवढे वाचले हे चांगलेच झाले. परंतु त्याच घरात, त्याच आजारांसाठी, निम्म्याहून अधिक रक्कम वाचण्याजोगी असते आणि ती वाचत नाही, याचे मूळ करात नसून डॉक्टरांच्या चिठ्ठीत आहे. माझी उमेदीची वर्षे औषध दुकानाच्या काउंटरमागे फार्मासिस्ट म्हणून गेली असल्याने या विषयावर आपल्या दैनिकातून चार गोष्टी मांडाव्यात असे वाटले.

रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमचे उदाहरण घेऊ. नामांकित ब्रँडची दहा गोळ्यांची पट्टी सत्तर रुपयांच्या आसपास पडते आणि जनऔषधी या सरकारी योजनेच्या केंद्रात त्याच औषधाची, त्याच ताकदीची पट्टी पंधरा रुपयांच्या आत मिळते. कोलेस्टेरॉलसाठीचे अॅटोरव्हास्टॅटिन, मधुमेहासाठीचे मेटफॉर्मिन, पित्तासाठीचे पँटोप्राझोल यांचीही हीच कथा आहे. ही सारी जुनी औषधे आहेत, त्यांच्यावर कोणाचे पेटंट नाही, आणि ती बनवणारे कारखाने देशात शेकड्यांनी आहेत. तरीही ग्राहकाला स्पर्धेचा लाभ होत नाही, कारण औषध निवडतो डॉक्टर, विकतो दुकानदार आणि पैसे देतो तिसराच.

सरकारचे नियंत्रण नाही असे नव्हे. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ नुसार राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण अत्यावश्यक औषधांची कमाल किंमत ठरवते. २०२२ च्या राष्ट्रीय सूचीत अशी ३८४ औषधे आहेत. पण ती किंमत ठरते कशी, हे पाहण्यासारखे आहे. ज्या ब्रँडचा बाजारातील वाटा एक टक्का किंवा त्याहून अधिक आहे, त्या सर्वांच्या किमतींची सरासरी काढायची आणि तीत किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के मिळवायचे. औषध बनवायला खर्च किती आला, हा प्रश्न या सूत्रात कुठेच येत नाही. याआधीच्या, म्हणजे १९९५ च्या आदेशात तो येत असे. ज्या औषधाचे सगळेच खपाऊ ब्रँड महाग, त्याची सरासरीही महागच निघणार. शिवाय घाऊक किंमत निर्देशांकानुसार ही कमाल किंमत दर एप्रिलमध्ये वाढू शकते. २०२२ मध्ये ती १०.७६ टक्के आणि २०२३ मध्ये १२.१२ टक्के वाढवण्यास परवानगी मिळाली होती. त्यानंतरच्या वाढी मात्र किरकोळ आहेत. सूचीबाहेरच्या औषधांना वर्षाकाठी दहा टक्क्यांपर्यंतची वाढ खुली आहे, आणि दोन-तीन औषधे एका गोळीत मिसळलेली असंख्य मिश्रणे या सूचीच्या बाहेर राहतात. त्यामुळे शासनाच्या नियंत्रणावर विसंबून राहणाऱ्या रुग्णाला अतिरेकी किमतीपासून थोडेफार संरक्षण मिळते, स्वस्ताई मिळत नाही.

आता चिठ्ठीकडे वळतो. पुष्कळ वाचकांची समजूत अशी असते की दुकानात जाऊन ‘यातले स्वस्त द्या’ म्हटले की काम होते. कायद्याने ते होत नाही. औषध नियम, १९४५ मधील ६५ व्या नियमाप्रमाणे अनुसूची ‘एच’मधील, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारे, औषध चिठ्ठीवर ज्या नावाने लिहिले असेल, त्याऐवजी दुसरे उत्पादन, त्यात तेच औषध असले तरी, दुकानदाराला देता येत नाही. म्हणजे डॉक्टरांनी ब्रँडचे नाव लिहिले की प्रामाणिक फार्मासिस्टचे हात बांधले गेले. प्रत्यक्षात काउंटरवर अदलाबदल होतच नाही असा दावा मी करणार नाही. ती होते, पण ती दुकानदाराच्या सोयीने होते आणि तिचा फायदा रुग्णाला मिळेलच अशी खात्री नसते. याउलट चिठ्ठीवर औषधाचे मूळ, म्हणजे जेनेरिक नाव असेल, तर निवड रुग्णाच्या हाती येते आणि दुकानदारही नियमात राहतो.

डॉक्टरांनी मूळ नाव लिहावे, सुवाच्य आणि शक्यतो इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहावे, असा नियम भारतीय वैद्यकीय परिषदेने २०१६ मध्ये केलाच होता. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तो अधिक कडक केला आणि त्याच महिन्यात वैद्यक व्यावसायिकांच्या विरोधानंतर नवी नियमावली स्थगितही केली. डॉक्टरांचा मुख्य आक्षेप औषधांच्या दर्जाविषयीचा होता आणि तो पोकळ आहे असे मी म्हणणार नाही; त्याकडे पुढे येतो. पण सीमाभागात या प्रश्नाला एक वेगळीच बाजू आहे, जिची चर्चा बेंगळुरूत किंवा मुंबईत होण्याचे कारण नाही.

आपल्याकडचा रुग्ण एका राज्यात राहतो आणि दुसऱ्या राज्यात दाखवतो. निपाणी, संकेश्वर, चिकोडीचे लोक हृदयाच्या आणि हाडांच्या दुखण्यासाठी कोल्हापूर-मिरजेला जातात. खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीकडचे काही जण गोव्यात बांबोळीला जातात. उलट चंदगड तालुक्यातील रुग्ण बेळगावला येतात. ही ये-जा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि तिला नकाशाची अडचण कधी वाटली नाही. अडचण येते ती औषधाला. व्यापारात ज्यांना पीसीडी कंपन्या म्हणतात, त्यांची पद्धत अशी असते, की औषध हिमाचल प्रदेशातील बद्दीसारख्या ठिकाणच्या एखाद्या कारखान्याकडून करून घ्यायचे, त्याला आपले नाव द्यायचे आणि एकेका जिल्ह्याच्या विक्रीचा मक्ता एकेका माणसाला द्यायचा. तो माणूस आपल्या जिल्ह्यातील काही डॉक्टरांकडे आणि त्यांच्या दवाखान्याखालील दुकानांत ते नाव चालवतो. परिणामी कोल्हापूर जिल्ह्यात मिळणारे नाव बेळगाव जिल्ह्यात मिळत नाही, आणि बेळगावच्या दवाखान्यात लिहिलेले नाव चंदगडच्या कोणत्याही दुकानात सापडत नाही. औषध तेच असते, कित्येकदा कारखानाही तोच असतो. फक्त नाव सीमा ओलांडत नाही.

याची किंमत रुग्ण दोनदा मोजतो. एकदा पैशाने, कारण अशा नावांची छापील किंमत अनेकदा नामांकित ब्रँडच्या बरोबरीने ठेवलेली असते. दुसऱ्यांदा खंड पडून. गोळ्या संपल्या की कोणी मिरजेला जाणारा भेटेपर्यंत थांबायचे, किंवा ओळखीच्या एसटी चालकाकडे पैसे आणि रिकामी पट्टी द्यायची, हे प्रकार मी काउंटरवरून पाहत आलो आहे. रक्तदाबाच्या गोळीत आठवडाभर खंड पडणे घातक असते. फिट्सच्या गोळीत दोन दिवसांचा खंडही परवडत नाही.

याहून वाईट प्रकार दुहेरी डोसाचा. कोल्हापूरच्या तज्ज्ञाने एका नावाने टेल्मिसार्टन दिलेले असते आणि गावातले डॉक्टर चक्कर येते म्हणून तपासून, रक्तदाब वाढलेला पाहून, दुसऱ्या नावाने तेच टेल्मिसार्टन लिहितात. दोन्ही पट्ट्यांचे रंग वेगळे, नावे वेगळी, आणि घरातील म्हातारा माणूस दोन्ही गोळ्या इमाने-इतबारे घेत राहतो. पित्ताच्या गोळीचे तर विचारूच नका. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या असल्या की पँटोप्राझोल बहुधा दोन्हींत असते, आणि मूळ दुखणे बरे होऊन वर्षे लोटली तरी ते चालूच राहते. दोन्ही चिठ्ठ्यांवर मूळ नाव असते तर हा घोळ शाळकरी नातवाच्याही ध्यानात आला असता.

म्हणून पहिला उपाय कोणत्याही सरकारची वाट न पाहता करण्याजोगा आहे. डॉक्टरांसमोर बसलेले असतानाच, नम्रपणे, ‘डॉक्टरसाहेब, नावासमोर मूळ औषध आणि मिलिग्रॅमही लिहून द्याल का, आमच्या गावात हे नाव मिळत नाही’ एवढे म्हणावे. माझ्या अनुभवात बहुतेक डॉक्टर यास हरकत घेत नाहीत. काही जण तर स्वतःहून दोन-तीन पर्याय सांगतात. रुग्ण विचारत नाही, कारण त्याला ते डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. ‘आमच्या गावात मिळत नाही’ हे कारण त्या संकोचातून सोडवते आणि ते खरेही आहे.

चिठ्ठी आधीच ब्रँडच्या नावाची असेल, तर जुनी पट्टी फेकू नये. पट्टीवर मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापणे २०१८ पासून बंधनकारक आहे. ती पट्टी घेऊन डॉक्टरांकडून मूळ नावाची चिठ्ठी करून घ्यावी आणि मग जनऔषधी केंद्रात जावे. तिथे मात्र डोळ्यांत तेल घालून तीन गोष्टी जुळवाव्या लागतात. पहिली मूळ नाव. दुसरी ताकद, म्हणजे मिलिग्रॅम. तिसरी, आणि सर्वाधिक चुका जिथे होतात ती, नावामागची अक्षरे. ‘एसआर’, ‘एक्सआर’, ‘सीआर’ ही अक्षरे गोळी पोटात सावकाश विरघळते असे सांगतात. साधी मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर ही परस्परांच्या जागी आपल्या मनाने घ्यायची औषधे नव्हेत. तसेच टेल्मिसार्टनच्या ब्रँडपुढे ‘एएम’ असेल तर त्यात बहुधा अॅम्लोडिपिन असते आणि ‘एच’ असेल तर लघवी वाढवणारे औषध असते. ही दोन अक्षरे सुटली, तर स्वस्तात मिळालेल्या पट्टीत निम्मे औषधच नसते.

काही औषधे अशी आहेत, की ज्यांच्या बाबतीत उत्पादन बदलण्याचा विचारसुद्धा डॉक्टरांना विचारल्याखेरीज करू नये. थायरॉईडची थायरॉक्सिन, रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन, फिट्सची फेनिटॉइन, मानसिक आजारावरील लिथियम आणि अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे यांत थोड्या फरकानेही परिणाम बदलतो. थायरॉक्सिनची कंपनी बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्तचाचणी करून घ्यावी, आणि एकदा जी कंपनी बसली ती मग सारखी बदलू नये. यांतल्या थायरॉक्सिनसारख्या औषधांत वाचणारी रक्कमही फार मोठी नसते, हेही सांगितले पाहिजे.

दर्जाचा आक्षेप आता घेतो. ‘स्वस्त औषध लागू पडत नाही’ हे वाक्य मी दुकानात इतक्यांदा ऐकले आहे, की त्याला केवळ अज्ञान म्हणून उडवून लावता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीच्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचे मृत्यू झाले आणि पुरवठा झालेल्या सलाइनच्या दर्जावर संशयाचे बोट गेले, ते राज्यातील कोणी विसरलेले नाही. परंतु त्यावरून किंमत आणि दर्जा यांचे नाते जोडणे बरोबर नाही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला दर्जात नापास ठरलेल्या नमुन्यांची यादी प्रसिद्ध करते. तीत अनोळखी नावांबरोबर मोठ्या कंपन्यांची नावेही आढळतात. जनऔषधीचा प्रत्येक बॅचचा माल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच पाठवला जातो, अशी त्या योजनेची पद्धत आहे. ती काटेकोरपणे पाळली जावी आणि औषध निरीक्षकांनी आपल्या तालुक्यांतील दुकानांतून अधिक नमुने उचलावेत, ही मागणी रास्त आहे. महाग पट्टी विकत घेऊन दर्जाची हमी मिळते, हा समज खरा नाही. रुग्णाच्या हाती असलेली खरी हमी म्हणजे बॅच क्रमांक लिहिलेले पक्के बिल. पाच-दहा रुपयांच्या सवलतीसाठी बिल सोडणारे ग्राहक आपल्या तक्रारीचा पुरावाच सोडतात.

येथे एक सावधगिरीची सूचना. ‘जेनेरिक’ असे म्हणून विकली जाणारी प्रत्येक पट्टी स्वस्त असतेच असे नाही. किमतीच्या नियमांत किरकोळ विक्रेत्याला सूचीतील औषधांवर १६ टक्के आणि इतरांवर साधारण २० टक्के नफा धरलेला असतो. पण व्यापारात असाही जेनेरिक माल येतो, की जो दुकानदाराला दहा-बारा रुपयांना पडतो आणि ज्यावर छापील किंमत ऐंशी-नव्वद रुपये असते. अशा पट्टीवर दुकानदाराने वीस टक्के सूट दिली, तर ग्राहक खूश होऊन घरी जातो आणि उरलेला सारा फरक दुकानात राहतो. व्यवसायबंधूंना हे लिहिणे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. सवलतीचे टक्के न मोजता दहा गोळ्यांसाठी खिशातून जाणारी रक्कम मोजावी. घरपोच औषधे देणाऱ्या ऑनलाइन दुकानांच्या सवलतींनाही हीच कसोटी लावावी.

जनऔषधी योजना २००८ मध्ये अमृतसरहून सुरू झाली आणि आता देशात तिची पंधरा हजारांहून अधिक केंद्रे आहेत. बेळगाव शहरात ती सापडतात. अडचण ग्रामीण तालुक्यांत आहे, आणि जिथे केंद्र आहे तिथे हवे ते औषध त्या दिवशी असेल याची खात्री नसते. जाण्यापूर्वी फोन करावा किंवा ‘जनऔषधी सुगम’ या मोबाइल अॅपवर जवळचे केंद्र आणि किंमत पाहावी. ज्यांची औषधे कायमची आहेत, त्यांनी केंद्रचालकाला आपली यादी देऊन ठेवली तर तो पुढच्या मागणीत ती मागवून ठेवतो.

मे २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने सरकारी रुग्णालयांच्या आवारातील जनऔषधी केंद्रे बंद करण्याचा निर्णय घेतला आणि त्याविरुद्ध केंद्रचालक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे गेले. सरकारी रुग्णालयात औषध मोफतच मिळाले पाहिजे, मग आवारात विक्री कशाला, हे सरकारचे म्हणणे तत्त्वतः मला मान्य आहे. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीचे स्वतंत्र महामंडळ काढून आणि राजस्थानने २०११ पासून मोफत औषध योजना राबवून ते शक्य असल्याचे दाखवले आहे. पण खिडकीवर ‘स्टॉक नाही, बाहेरून घ्या’ असे उत्तर मिळत असेल, तर बाहेर म्हणजे कुठे, हा प्रश्न उरतो. कपाट भरलेले ठेवण्याची व्यवस्था आधी आणि स्वस्त दुकान हलवणे नंतर, हा क्रम सरकारने उलटा धरला. आरोग्य रक्षा समितीच्या निधीतून तातडीची औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करण्याची मुभा सरकारी रुग्णालयांना आहे. ती वापरली जाते की नाही, हे विचारणे समितीवरील लोकप्रतिनिधींचे काम आहे. प्रत्येक तालुका रुग्णालयात आज कोणती औषधे उपलब्ध आहेत, याचा फलक कन्नडबरोबर मराठीतही लागला, तर खानापूर आणि निपाणीत निम्मे हेलपाटे वाचतील.

विम्याच्या योजनांविषयी थोडक्यात. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, सहकारी संस्थांच्या सभासदांना यशस्विनी आहे, आणि महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू केल्यावर दोन राज्यांत जो वाद झाला तो आपल्या वाचकांना सांगायला नको. या योजनांचे मोल मोठे आहे. पण त्या मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहेत. शुगर-बीपीची महिन्याची गोळी त्यांत बसत नाही, त्यामुळे त्या वादाचा निकाल कसाही लागला तरी विडी वळणाऱ्या बाईच्या किंवा बेळगावातील शहापूरच्या विणकराच्या औषधाच्या बिलात फरक पडणार नाही. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा नम्म क्लिनिक या सरकारी दवाखान्यात नाव नोंदवून रक्तदाब-मधुमेहाच्या मोफत गोळ्यांचा आग्रह धरणे अधिक फलदायी आहे.

पेटंट संपलेल्या नव्या औषधांकडेही लक्ष ठेवावे. मधुमेहावरील एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले आणि गोळीमागे साठेक रुपयांचा खर्च भारतीय कंपन्यांच्या गोळ्यांमुळे दहा रुपयांच्या आसपास उतरला. दिवसाला एक गोळी धरली तरी महिन्याला दीड हजारांचा फरक पडतो. तरीही जुन्याच नावाची चिठ्ठी महिनोन्‌महिने पुढे चालवणारे रुग्ण मला अजून भेटतात. डॉक्टरांच्या हे ध्यानात नसेल असे नाही. पण शंभर रुग्णांच्या गर्दीत जुनी चिठ्ठी ‘चालू ठेवा’ म्हणून पुढे जाते. सहा महिन्यांतून एकदा घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवाव्यात आणि यांतले आता कोणते बंद करता येईल, कोणाला स्वस्त पर्याय आला आहे, असे सरळ विचारावे.

नवे औषध सुरू होताना महिन्याभराचे एकदम घेऊ नये. रॅमिप्रिल-एनालाप्रिल या गटातील गोळ्यांनी कित्येकांना कोरडा खोकला लागतो, अॅम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात, आणि मग औषध बदलावे लागते. दहा दिवसांपुरते घेतले तर उरलेल्या पट्ट्या वाया जात नाहीत. सुट्या गोळ्यांची किंमत पट्टीच्या प्रमाणापेक्षा अधिक लावता येत नाही, असे किंमत आदेशातच म्हटले आहे. मात्र कापलेल्या पट्टीवर मुदतीची तारीख दिसते का, ते पाहून घ्यावे. छापील किमतीहून जास्त घेतल्यास किंवा कमाल किमतीविषयी शंका असल्यास राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाचे ‘फार्मा सही दाम’ हे मोबाइल अॅप उपयोगी पडते.

खासगी रुग्णालयात दाखल असताना तिथल्याच दुकानातून औषधे घेण्याची सक्ती केली जाते, हा सर्वांचा अनुभव आहे. आमच्या नात्यातील एका रुग्णाच्या वेळी, बाहेरून आणलेल्या अँटिबायोटिकची जबाबदारी आम्ही घेणार नाही, असे परिचारिकेकरवी सांगण्यात आले. तेच इंजेक्शन, त्याच कंपनीचे, रस्त्यापलीकडे कमी किमतीत होते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत औषध कोठून घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार रुग्णाला दिला आहे. पण खाटेवर माणूस असताना कोण भांडणार? हा अधिकार जिल्हा प्रशासनाने प्रत्येक रुग्णालयाच्या दर्शनी भागात, कन्नड आणि मराठीत, लावायला लावला तरच त्याला अर्थ राहील.

बेळगाव, निपाणी आणि खानापूर येथील डॉक्टरांच्या संघटनांना माझी विनंती आहे, की नियमांची स्थगिती उठण्याची वाट न पाहता निदान कायमच्या आजारांच्या चिठ्ठ्यांवर ब्रँडसोबत मूळ नाव लिहिण्याचा ठराव त्यांनी करावा. कोल्हापूर-मिरजेच्या संघटनांनीही सीमेपलीकडून येणाऱ्या रुग्णांपुरते तरी हे मान्य करावे. ब्रँड लिहू नका असे कोणी म्हणत नाही. त्याच्याशेजारी आणखी दोन शब्द लिहायला अर्धे मिनिट पुरते.

आणि एक विनंती आपल्याला. आपल्या बाजारभावाच्या पानावर गूळ, तंबाखू आणि सोयाबीनचे दर नेमाने छापले जातात. त्याच पानावर महिन्यातून एकदा रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, दमा आणि पित्त यांवरील दहा-पंधरा औषधांची मूळ नावे मराठी अक्षरांत, त्यांच्या ताकदीसह, जनऔषधीतील किंमत आणि शासनाने ठरवलेली कमाल किंमत शेजारी-शेजारी देऊन छापावीत. यादी तयार करून देण्याची आणि दर बदलले की ती दुरुस्त करून देण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त फार्मासिस्ट, निपाणी